पुनरुत्थान आणि समर्पण (ख्रिस्ती धर्म)

पुनरुत्थान आणि समर्पण या ख्रिस्ती धर्मातील परस्परांशी निगडित अशा दोन संकल्पना होत. वधस्तंभावर मरण पावलेल्या येशू ख्रिस्ताला देवाने तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठवले, या श्रद्धेस पुनरुत्थान म्हणतात. आणि त्या जिवंत ख्रिस्ताला प्रभू मानून आपले जीवन त्याच्या अधीन करणे म्हणजे समर्पण होय. ख्रिस्ती विचारानुसार पहिली गोष्ट देवाची कृती आहे, तर दुसरी तिला माणसाने दिलेले उत्तर आहे. या दोहोंचा संबंध नव्या करारातील लेखनापासून सर्व ख्रिस्ती पंथांत मांडला गेला आहे. मराठी भाषकांत हा विचार बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनातून व लेखनातून पुढे आला. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम या जिल्ह्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काम करणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या शिकवणीत समर्पणाला विशेष स्थान मिळाले.

संज्ञा

'पुनरुत्थान' हा शब्द 'पुनर्' आणि 'उत्थान' यांपासून बनला असून त्याचा शब्दशः अर्थ 'पुन्हा उठणे' असा होतो. मराठी बायबलमधून तो ख्रिस्ती व्यवहारात रूढ झाला. सेरामपूर येथून विल्यम केरी यांच्या पुढाकाराने मराठी नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्णपणे प्रकाशित झाले.

पुनरुत्थान आणि पुनर्जन्म या संकल्पना भिन्न आहेत. पुनर्जन्मात जीव एक देह सोडून दुसरा देह धारण करतो आणि हे चक्र कर्मानुसार चालू राहते. पुनरुत्थानाच्या कल्पनेत तीच व्यक्ती, त्याच ओळखीसह, पुन्हा मरण नसलेल्या रूपांतरित देहाने उठते. ही घटना एकदाच घडते. योहानकृत शुभवर्तमानात लाजाराला जिवंत केल्याचा प्रसंग आहे; परंतु लाजार पुढे इतरांप्रमाणेच मरणाधीन राहिला असे मानले जात असल्याने त्यास पूर्ण अर्थाने पुनरुत्थान समजले जात नाही.

समाधी या संकल्पनेशी तुलना केली असताही फरक स्पष्ट होतो. मराठी संतपरंपरेत आळंदीची ज्ञानेश्वरांची संजीवन समाधी किंवा वऱ्हाडातील शेगाव येथील गजानन महाराजांची समाधी हे सान्निध्याचे स्थान मानले जाते. भक्त तेथे दर्शनाला जातो. येशूच्या बाबतीत शुभवर्तमाने कबर रिकामी असल्याचे सांगतात. यरुशलेम येथील पवित्र कबरेचे मंदिर हे मोठे तीर्थक्षेत्र असले, तरी तेथे अवशेष असल्याचा दावा कोणताही पंथ करीत नाही. ख्रिस्ताचे सान्निध्य एखाद्या स्थळापुरते मर्यादित नसून ते पवित्र आत्म्याद्वारे श्रद्धावंतांच्या समुदायात आणि अंतःकरणात असते, अशी ख्रिस्ती शिकवण आहे.

'समर्पण' या अर्थाने मराठी ख्रिस्ती लेखनात 'शरण जाणे', 'वाहून देणे' आणि 'अर्पण' हे शब्दही आढळतात. यांतील बहुतेक शब्द भक्तिपरंपरेतून आलेले आहेत.

नव्या करारातील वर्णन

पुनरुत्थानाविषयीचा सर्वांत जुना लिखित उल्लेख प्रेषित पौलाच्या पत्रांत येतो. करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र साधारणतः इ.स. ५३ ते ५५ या काळातील मानले जाते. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल आपणास परंपरेने मिळालेला एक संक्षिप्त वृत्तांत नोंदवतो: ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि केफा म्हणजे पेत्र, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित व शेवटी स्वतः पौल यांना दिसला.

चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेचे वर्णन आहे. तपशिलांत मात्र भेद आहेत. रविवारी पहाटे कबरेकडे गेलेल्या स्त्रियांना प्रथम ही वार्ता कळते, याबाबत चौघांत एकवाक्यता आहे. मग्दालीया मरीयेचे नाव चारही वृत्तांतांत येते. त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रियांच्या साक्षीस पुरुषांच्या साक्षीइतके वजन नसल्यामुळे या तपशिलाकडे अभ्यासकांचे विशेष लक्ष गेले आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शेवट सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीशी होतो. तेथे स्त्रिया भयभीत होऊन कबरेपासून पळून जातात. त्यापुढील ओव्या नंतरच्या काळात जोडल्या गेल्या, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात.

पुनरुत्थित येशूच्या भेटींच्या प्रसंगांत एक समान सूत्र दिसते. भेटणाऱ्यास तो प्रथम ओळखू येत नाही, आणि ओळख पटताच त्या व्यक्तीच्या जीवनाची दिशा बदलते. मरीया त्यास माळी समजते व त्याने नावाने हाक मारताच ओळखते. अम्माऊसच्या वाटेवरील दोघे शिष्य भाकर मोडण्याच्या क्षणी त्यास ओळखतात आणि त्याच रात्री यरुशलेमला परततात. थोमा जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे म्हणतो, पण प्रत्यक्ष भेटीत येशूला प्रभू व देव म्हणून संबोधतो. तीन वेळा येशूला नाकारणाऱ्या पेत्राला तिबिर्या समुद्राच्या काठी प्रेमाविषयीचा प्रश्न तीन वेळा विचारला जातो आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरे पाळण्याचे काम सोपवले जाते. या प्रसंगांच्या आधारे पुनरुत्थानावरील विश्वास हा केवळ माहितीचा स्वीकार नसून जीवनाला मिळणारे पाचारण आहे, असे ख्रिस्ती धर्मशास्त्रात प्रतिपादिले जाते.

विश्वासातील अर्थ

पौलाच्या मते ख्रिस्त उठला नसेल तर प्रेषितांचा उपदेश व श्रोत्यांचा विश्वास हे दोन्ही निरर्थक ठरतात. या भूमिकेतून ख्रिस्ती धर्मशास्त्रात पुनरुत्थानाचे पुढील अर्थ मांडले गेले आहेत.

येशूच्या दाव्याचे समर्थन: वधस्तंभावरील मृत्यू ही रोमन साम्राज्यातील अत्यंत लाजिरवाणी शिक्षा होती. देवाने येशूला उठवून मानवी न्यायालयाचा निवाडा रद्द ठरवला, असा अर्थ प्रारंभीच्या ख्रिस्ती उपदेशात दिसतो.

पापक्षमा: येशूच्या मृत्यूने पापाचे प्रायश्चित्त झाले आणि पुनरुत्थानाने ते देवाने स्वीकारल्याचे प्रगट झाले, असे मानले जाते. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पुनरुत्थानाचा संबंध माणसाला नीतिमान ठरवण्याशी जोडला आहे.

मृत्यूवर विजय: ख्रिस्ताला पौल 'प्रथमफळ' म्हणतो. हंगामातील पहिली पेंढी पुढे येणाऱ्या सर्व पिकाची खूण असते, त्याप्रमाणे ख्रिस्ताचे उठणे हे सर्वांच्या भावी पुनरुत्थानाची हमी मानले जाते. निसेनो-कॉन्स्टँटिनोपल मतांगिकारात (इ.स. ३८१) येशूचे तिसऱ्या दिवशी उठणे व मृतांचे पुनरुत्थान या दोहोंचा स्वतंत्र उल्लेख आहे.

वर्तमान नवे जीवन: पुनरुत्थानाचे सामर्थ्य मृत्यूनंतरच्या अवस्थेपुरते नसून श्रद्धावंताच्या चालू जीवनातही कार्य करते, असे पौल मानतो. समर्पणाची शिकवण मुख्यत्वे या अर्थावर उभी आहे.

समर्पणाची संकल्पना

रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात बाप्तिस्म्याचे स्पष्टीकरण मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या रूपकातून केले आहे. पाण्याखाली जाणे हे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे, आणि पाण्यातून वर येणे हे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे होय. याच पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल वाचकांना आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून देवाला अर्पण करण्यास सांगतो. यज्ञातील बळी मारला जातो. येथे मात्र अर्पण केलेला मनुष्य जिवंत राहतो आणि त्याचे दैनंदिन वर्तन हेच अर्पण ठरते.

ख्रिस्ती समर्पणाची तीन वैशिष्ट्ये सांगितली जातात. पहिले, ते देवाच्या कृपेला दिलेले उत्तर आहे. कृपा मिळवण्यासाठी दिलेली किंमत नव्हे. दुसरे, त्यात व्यक्तीचा लोप होत नाही. गलतीकरांस पत्रात पौल आपण नव्हे तर ख्रिस्त आपल्यात जगतो असे सुचवतो, परंतु त्याच वेळी आपण देहात जगत असलेले जीवन विश्वासाचे आहे असेही सांगतो. तिसरे, समर्पण जिवंत प्रभूला असते. त्यामुळे धर्मगुरू, संस्था किंवा समाज यांपैकी कोणालाही त्या प्रभूचे स्थान घेता येत नाही. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात हे तिसरे वैशिष्ट्य विशेष महत्त्वाचे ठरले.

पंथांनुसार भर वेगळा आहे. कॅथलिक परंपरेत समर्पण मुख्यतः संस्कारांतून, विशेषतः मिस्साबलिदानातून व्यक्त होते. संन्यस्त व्रते हे त्याचे विशेष रूप होय. ऑर्थोडॉक्स परंपरेत पुनरुत्थानाला उपासनेचा केंद्रबिंदू मानले जाते. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांच्या शिकवणीतून उदयास आलेल्या पावित्र्यवादी चळवळीत तारणाच्या अनुभवानंतर पूर्ण समर्पणाचा आणि 'संपूर्ण पवित्रीकरणाचा' दुसरा अनुभव येऊ शकतो, असे प्रतिपादले जाते.

मराठी ख्रिस्ती परंपरेत

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'अरुणोदय' (१८८८) या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या धर्मांतराचा वैचारिक व भावनिक प्रवास वर्णन केला आहे. धर्मांतरितास कुटुंब, जात आणि वारसा यांना मुकावे लागण्याचा तो काळ होता. त्यामुळे समर्पण हा शब्द केवळ आध्यात्मिक अर्थाचा राहिला नव्हता.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतर धर्मसिद्धांतांविषयी त्यांचा अँग्लिकन जोगिणी व धर्माधिकारी यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार झाला. आपली विवेकबुद्धी कोणा अधिकाऱ्याच्या स्वाधीन करण्यास त्यांनी नकार दिला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी म्हटले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण स्वतः ख्रिस्ताची ओळख नव्हती. पुढे ती ओळख झाल्यावर आपले जीवन व कार्य त्याला वाहिल्याचे त्या सांगतात. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना त्यांनी केडगाव येथे आश्रय दिला. तेथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठे आध्यात्मिक जागरण झाले.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. परिणामी पत्नी लक्ष्मीबाई व ते सुमारे पाच वर्षे एकमेकांपासून दूर राहिले. लक्ष्मीबाईंनी (१८६८–१९३६) पुढे १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हा काळ चितारला आहे. पतीच्या समर्पणाची झळ पत्नीला कशी लागली आणि तिला स्वतःचा निर्णय स्वतंत्रपणे कसा घ्यावा लागला, या दोन्ही गोष्टी त्यातून कळतात.

टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग, पद व कीर्तन यांचा अवलंब केला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' ही मंडळी स्थापन केली. तीत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. ख्रिस्ताला समर्पण आणि मिशनसंस्थेची अधीनता या भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या या निर्णयाने ठळक केले. त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या हयातीत अपूर्ण राहिले. आरंभीच्या अध्यायांपुढील बहुतेक काव्य लक्ष्मीबाईंनी रचले.

वऱ्हाडातील मंडळ्या

पार्श्वभूमी

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडण्यात आला. कापसाचा व्यापार व रेल्वे यांमुळे अकोला, अमरावती आणि खामगाव ही शहरे वाढली; मिशनऱ्यांची प्रमुख केंद्रेही याच पट्ट्यात उभी राहिली. या प्रदेशाला भक्ती व त्याग यांची मोठी परंपरा होती. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख क्षेत्र असून, परमेश्वरासाठी घरदार सोडून 'अनुसरण' स्वीकारणे ही कल्पना त्या पंथात सातशेहून अधिक वर्षे रुजलेली आहे. त्यामुळे देवाला सर्वस्व वाहण्याची कल्पना येथील श्रोत्यांना नवी नव्हती. उपदेशाचा वेगळेपणा वधस्तंभावर मेलेला व उठलेला ख्रिस्त हा त्या समर्पणाचा एकमेव विषय मानण्यात होता.

ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स

अकोला हे या संस्थेच्या भारतातील कार्याचे आरंभीचे व प्रमुख केंद्र होते. तिचे संस्थापक अल्बर्ट बेंजामिन सिम्प्सन (१८४३–१९१९) हे कॅनडात जन्मलेले व न्यूयॉर्क येथे काम करणारे पाळक होते. त्यांनी ख्रिस्ताचे वर्णन चार प्रकारे केले: तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा. ही शिकवण 'चतुर्विध शुभवर्तमान' म्हणून ओळखली जाते. क्रूस, गंगाळ, तेलाचे पात्र आणि मुकुट ही तिची चार चिन्हे होत.

सिम्प्सन यांच्या मते पवित्रता ही माणसाने प्रयत्नाने कमावण्याची वस्तू नाही. पुनरुत्थित ख्रिस्त स्वतः श्रद्धावंताच्या ठायी वास करतो व त्याचे जीवन पवित्र करतो. श्रद्धावंताने करावयाचे ते केवळ संपूर्ण समर्पण. या मांडणीत चारही वर्णनांचा आधार पुनरुत्थान हाच आहे, कारण जो जिवंत नाही तो पवित्र करू शकत नाही, आरोग्य देऊ शकत नाही आणि परत येऊही शकत नाही.

अकोल्यात दीर्घकाळ काम केलेल्या जेनी फुलर यांचे भारतीय स्त्रियांवरील अन्यायांविषयीचे इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. बालविवाह व विधवांची स्थिती हे त्याचे विषय असून त्यास पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे.

फ्री मेथॉडिस्ट व नाझरीन मंडळ्या

यवतमाळ भागात फ्री मेथॉडिस्ट मंडळीने, तर बुलढाणा व वाशीम भागात विसाव्या शतकाच्या आरंभापासून चर्च ऑफ द नाझरीन या मंडळीने काम केले. वाशीम येथील रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय हे नाझरीन मंडळीच्या कार्याचे परिचित रूप आहे. या दोन्ही मंडळ्या वेस्लीप्रणीत पावित्र्यवादी परंपरेतील आहेत. पवित्रीकरणाच्या स्वरूपाविषयी त्यांचा आणि अलायन्सचा सूक्ष्म मतभेद आहे. वेस्लीप्रणीत शिकवणीत पापाच्या वृत्तीपासून अंतःकरणाची शुद्धी होण्यावर भर असतो, तर सिम्प्सन यांच्या शिकवणीत अंतरी वास करणाऱ्या ख्रिस्तावर. 'पूर्ण समर्पणाची' हाक मात्र तिन्ही मंडळ्यांत समान आहे.

१९५३ मध्ये यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षण संस्था स्थापन झाली. भारताच्या विविध भागांतील विद्यार्थी तेथे शिकले. १९८३ मध्ये ती पुण्यास स्थलांतरित झाली.

कॅथलिक धर्मप्रांत

अमरावती धर्मप्रांताची स्थापना १९५५ मध्ये नागपूर धर्मप्रांतातून झाली. शाळा, रुग्णसेवा आणि ग्रामीण भागातील सेवाकार्य ही त्याच्या कार्याची प्रमुख क्षेत्रे आहेत.

सण व आचार

पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, वसंतसंपातानंतरच्या (२१ मार्च) पौर्णिमेपुढील रविवारी येतो. पाश्चात्त्य गणनेनुसार त्याची तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान असते. वऱ्हाडात हा काळ चैत्राच्या आसपासचा व कडक उन्हाचा असतो.

सणापूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जातो. झावळ्यांच्या रविवारी पवित्र सप्ताहाचा आरंभ होतो. उत्तम शुक्रवारी अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर दुपारी प्रवचने होतात. ईस्टरच्या पहाटे सूर्योदयाच्या सुमारास उपासना होते. स्त्रिया पहाटे कबरेकडे गेल्या, या वर्णनाची आठवण म्हणून काही मंडळ्या ती ख्रिस्ती स्मशानभूमीत घेतात. आप्तांच्या कबरी स्वच्छ करून त्यांवर फुले वाहिली जातात आणि मेणबत्त्या लावल्या जातात. कॅथलिक मंदिरांत शनिवारी रात्री जागरणविधी होतो. त्यात नव्या अग्नीवर पास्काची मेणबत्ती पेटवली जाते आणि उपस्थित भाविक आपल्या बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण करतात. पुनरुत्थान व समर्पण यांचा संबंध या विधीत प्रत्यक्ष दिसून येतो.

अलायन्ससारख्या मंडळ्यांत जाणत्या वयातील व्यक्तीस पूर्णपणे पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. त्यापूर्वी ती व्यक्ती मंडळीसमोर आपल्या विश्वासाची 'साक्ष' देते. पुरले जाणे व उठणे हे पौलाचे रूपक या पद्धतीत डोळ्यांसमोर उभे राहते.

टीका व मतभेद

पुनरुत्थानाच्या ऐतिहासिकतेविषयी प्राचीन काळापासून आक्षेप घेतले गेले आहेत. शिष्यांनी देह चोरून नेला, हा आक्षेप स्वतः मत्तयानेच नोंदवला आहे. येशू मेला नव्हता तर मूर्च्छित झाला होता, किंवा शिष्यांना भास झाले, अशी स्पष्टीकरणे आधुनिक काळात मांडली गेली. जर्मन धर्मशास्त्रज्ञ रुडॉल्फ बुल्टमान (१८८४–१९७६) यांच्या मते पुनरुत्थान ही इतिहासाने सिद्ध करण्याची घटना नसून श्रोत्याला निर्णयाप्रत आणणाऱ्या उपदेशात ख्रिस्त उठतो. याउलट वोल्फहार्ट पानेनबर्ग (१९२८–२०१४) यांनी ती इतिहासाच्या कसोटीवर तपासता येणारी घटना असल्याचे प्रतिपादले. इस्लाममध्ये येशू, म्हणजे हजरत ईसा, यांना पैगंबर मानतात. मात्र त्यांचा वधस्तंभावर मृत्यू झाला हे बहुसंख्य मुस्लिम परंपरा स्वीकारत नाही.

महात्मा गांधी यांनी येशूच्या डोंगरावरील प्रवचनाविषयी गाढ आदर व्यक्त केला. ऐतिहासिक येशू झालाच नाही असे ठरले तरी त्या प्रवचनाचे सत्य आपल्या दृष्टीने अबाधित राहील, अशी त्यांची भूमिका होती. पौलाची भूमिका नेमकी याच्या उलट आहे: त्याच्या मते घटना घडली नसेल तर शिकवणीला आधार उरत नाही.

समर्पणाच्या संकल्पनेवरील टीका मुख्यतः सामाजिक स्वरूपाची आहे. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात वऱ्हाडात मिशनांनी अनाथ मुलांना आश्रय दिला. अकोला व खामगाव येथे अनाथाश्रम चालत होते. उपासमारीतून वाचलेल्या मुलांनी आश्रयदात्यांचा धर्म स्वीकारला, तर तो निर्णय कितपत स्वतंत्र मानावा, हा प्रश्न टीकाकारांनी उपस्थित केला. १९५४ मध्ये मध्य प्रदेश शासनाने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रदेशात समाविष्ट होता. समितीने १९५६ च्या अहवालात शिक्षण, वैद्यकीय मदत व आर्थिक साहाय्य यांचा धर्मांतरासाठी उपयोग होत असल्याचा निष्कर्ष काढला. ख्रिस्ती संस्थांनी तो एकांगी म्हणून नाकारला आणि सेवा हा ख्रिस्ती विश्वासाचा स्वाभाविक आविष्कार असल्याचे प्रतिपादन केले.

समर्पणाची भाषा दुर्बलांकडून, विशेषतः स्त्रियांकडून, निमूट आज्ञाधारकपणाची अपेक्षा करण्यासाठी वापरली जाते, अशीही टीका स्त्रीवादी अभ्यासकांनी केली आहे. यास उत्तर देताना ख्रिस्ती विचारवंत असे दाखवून देतात की, पुनरुत्थानाची वार्ता प्रथम स्त्रियांकडे सोपवली गेली, आणि ज्याला सर्वस्व वाहिले तो अन्यायाने मारला गेलेला व देवाने उठवलेला असल्यामुळे त्याच्या नावाने अन्याय सहन करावयास लावणे हा समर्पणाचा विपर्यास ठरतो. कोणत्याही बाह्य दडपणाने झालेले समर्पण ख्रिस्ती धर्मशास्त्रानुसारही समर्पण ठरत नाही. रमाबाईंचा धर्माधिकाऱ्यांशी झालेला वाद, टिळकांचा मिशनत्याग आणि लक्ष्मीबाईंनी पतीमागोमाग न जाता स्वतःच्या विचाराने घेतलेला निर्णय ही मराठी परंपरेतील या मुद्द्याची प्रमुख उदाहरणे होत.

हेही पहा

येशू ख्रिस्त
ईस्टर
उत्तम शुक्रवार
बाप्तिस्मा
नारायण वामन टिळक
लक्ष्मीबाई टिळक
पंडिता रमाबाई
वऱ्हाड